घर त्यांचं, गळती आमची

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आरोंद्यातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक बाई सलग दोनदा आली नाही. कर्जाचा हप्ता थकलाय म्हणून टाळत असणार, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं. मी तिच्या घरी गेले. दुपारचे तीन वाजले होते आणि अजून चूल पेटलेली नव्हती. माजघरभर भांडी मांडलेली होती. टोप, कळशी, बादली, अगदी मुलीचा शाळेचा डबासुद्धा. प्रत्येक भांड्यात वरून ठिबक चालू होती. अंथरुणं गुंडाळून बाकावर रचलेली, त्यांच्यावर खताच्या रिकाम्या पिशव्या उसवून, जोडून केलेलं आच्छादन. मला दारात बघून ती ओशाळली. "ताई, तुमका बसूक खंय सांगू?" म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, काहीशी हसतच, "घर तेंचा, पाणी मात्र आमच्या डोक्यार."

ही बाई काजूच्या कारखान्यात रोजावर जाते. नवऱ्याने सोडल्याला सहा वर्षं झाली. त्या आठवड्यात तिचे तीन रोज बुडाले होते, कारण रात्रभर उठून भांडी रिकामी करायची आणि सकाळी सहाला उठून कामाला जायचं हे तिच्याच्याने होईना. मुलगी खोकत होती. लाकडं भिजल्यामुळे चूल धुमसायची, म्हणून दोघी एकदाच शिजवून दोन्ही वेळ थंड खात होत्या. हप्ता थकला होता हे खरं, पण तो का थकला हे विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा आमच्यातलीच एक जण म्हणाली, "हा तर भाडेकरूचा प्रश्न झाला, यात बायकांचा प्रश्न कुठे आला?" खरं सांगायचं तर तिला लगेच उत्तर देणं मलाही जमलं नाही. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही 'घरांचा प्रश्न' शिकलो तो मुंबईचा. झोपडपट्ट्या, चाळी, पागडी, पुनर्वसन. खेड्यात प्रत्येकाला आपलं घर असतं, असं आम्ही न बोलता धरूनच चाललो होतो. या लेखात मी त्या मैत्रिणीला उशिरा का होईना उत्तर द्यायचा प्रयत्न करते आहे.

आधी आमच्या भागातली परिस्थिती सांगते, कारण बाहेरच्या वाचक मैत्रिणींना ती वेगळी वाटेल. आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातलं, तेरेखोल नदीच्या काठचं गाव. पलीकडे गोवा. तिकडे कामाला जाणारी, तिकडून इकडे येऊन राहणारी माणसं नेहमीचीच. गावात बंद घरं पुष्कळ आहेत. घरमालक मुंबईला, चतुर्थीला आठ दिवस येणार, बाकी वर्षभर कुलूप. कुलूप लावलेलं घर कोकणात टिकत नाही. वाळवी लागते, कौलं सरकतात, वासे कुजतात. म्हणून घराचा एक भाग कुणाला तरी राहायला देतात. बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईला, अंगणवाडीतल्या सेविकेला, शिक्षिकेला, नाहीतर बागेत कामाला आलेल्या कुटुंबाला. "देवाकडे दिवा लावा, घर झाडा, आणि महिन्याला एवढे द्या." म्हणजे भाडंही घ्यायचं आणि घराची राखणही फुकट करून घ्यायची. वर भाषा उपकाराची. पावती नाही, कागद नाही. चतुर्थीला मालकाचं कुटुंब आलं की भाडेकरणीने आपलं सामान पडवीत हलवायचं, हेही ठरलेलंच.

त्यात अनेक घरं सामाईक. एका घराला पाच हिस्सेदार. एक लालबागला, एक डोंबिवलीला, एक गावात, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. भाडं त्यांतला एक जण घेतो, पण कौलं परतायची म्हटली की बाकीच्या चौघांची संमती लागते. "मी एकट्याने का खर्च करू?" हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते मालकाच्या तोंडून निघायच्या आधीच मला ऐकू येतं. हिस्सेदारांचं भांडण मिटेपर्यंत मिरग थांबत नाही.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे पावसाळ्यापूर्वी घर शाकारणं ही हौस नव्हे. मे महिन्यात माणूस छपरावर चढवून कौलं काढायची, झाडायची, फुटकी बदलायची, रिपा बघायच्या, भिंतीला झड लागू नये म्हणून चुडतांच्या झडी बांधायच्या. हे एका वर्षी झालं नाही तर पुढची चार वर्षं त्याची किंमत मोजावी लागते. थंड देशांत भाड्याच्या घरात ऊब असणं ही मालकाची जबाबदारी मानली जाते. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात घर ठरावीक तापमानाला ठेवणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तिथे जी ऊब, ती आमच्याकडे कोरडी जमीन. ओल्या घरात राहणं हा नशिबाचा भाग नाही, ज्याने घराचं भाडं घेतलं त्याने आपलं काम केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता त्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. यात बायकांचा प्रश्न कुठे?

पहिली गोष्ट, मालकाने न केलेलं काम नाहीसं होत नाही. ते कुणाला तरी करावं लागतं, आणि ते घरातली बाई करते. रात्री तीनदा उठून भांडी ओतणं, धुतलेले कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवणं, तांदूळ-कुळथाला बुरशी येऊ नये म्हणून उघडीप बघून पुन्हापुन्हा उन्हात घालणं, विहिरीचा पंप बंद पडला की शेजारच्या वाडीतून कळशी आणणं, आणि त्यासाठी शेजारणीची चार बोलणी ऐकणं. मालकाचे कौलांचे पैसे वाचतात ते तिच्या झोपेतून आणि तिच्या रोजातून. या श्रमाची कुठे नोंद होत नाही. आपण घरकामाला श्रम म्हणायला शिकलो, पण मालकाच्या हलगर्जीपणामुळे वाढलेलं घरकाम अजून आपल्या हिशेबात आलेलं नाही.

दुसरी गोष्ट, एकटी बाई तक्रार करत नाही, कारण तिला दुसरं घर मिळत नाही. सोडलेली, विधवा, घटस्फोटित, लग्न न केलेली, कुणीही असो. "कोण कोण येतं तुमच्याकडे?" हा प्रश्न तिला खोली बघायला गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत विचारला जातो. पुरुष भाडेकरूने गळतीची तक्रार केली तर तो 'भांडखोर' ठरतो. बाईने केली तर तिच्या चारित्र्यावर चर्चा सुरू होते. आमच्या या बाईलाही मालकाच्या चुलतभावाने ऐकवलं होतं, "तुला कोण घर देणार होतं?" त्या एका वाक्यामुळे ती तीन पावसाळे गप्प राहिली.

तिसरी गोष्ट, कागद. भाड्याची पावती असलीच तर ती नवऱ्याच्या नावाने. वीज मीटर मालकाच्या, कधी कधी मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावाने. नवरा निघून गेला की बाईला सांगितलं जातं, "आम्ही घर त्याला दिलं होतं, तुम्हाला नाही." आणि मग घर खाली करा असं तोंडाने म्हणावं लागत नाही. दुरुस्ती थांबवायची, पंप बंद ठेवायचा, वीज तोडायची. पावसाळ्याचे चार महिने बाकीचं काम करतात. माझं स्पष्ट मत आहे की ही बेदखलीच आहे. बाईला हाताला धरून बाहेर काढणं आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर मुद्दाम सडू देणं यात मला फार मोठा फरक दिसत नाही.

कायदा काय म्हणतो ते आपण सगळ्यांनी नीट माहीत करून घ्यायला हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. त्याने ते केलं नाही तर भाडेकरूने, किंवा अनेक भाडेकरूंनी मिळून, नोटीस द्यायची. किमान पंधरा दिवसांची वाजवी मुदत उलटली की दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. कलम २९ सांगतं की मालकाने पाणी, वीज, जिन्यातले दिवे, सफाई अशा आवश्यक सोयी रास्त कारणाशिवाय तोडायच्या नाहीत, अडवायच्या नाहीत. तोडल्या तर न्यायालय त्या पुन्हा सुरू करण्याचा हुकूम देऊ शकतं. ही तरतूद नवी नाही, १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातही ती होती. भाड्याची लेखी पावती देणं कलम २६ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. आणि कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. त्याने तो नोंदवला नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. "तुमच्याकडे कागद कुठे आहे?" असं दरडावणाऱ्या मालकाला हे कलम दाखवायला हवं.

पण इथेच आमच्यासारख्या गावांची खरी अडचण आहे. हा कायदा सरसकट सगळ्या महाराष्ट्राला लागू नाही. त्याच्या परिशिष्टांमध्ये जी ठिकाणं दिली आहेत त्यांनाच तो लागू होतो, आणि ती प्रामुख्याने शहरं व मोठी गावं आहेत. इतर भागांना तो लागू करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. ग्रामपंचायतीच्या गावात भाड्याने राहणाऱ्या बाईने म्हणूनच सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हा, की आपलं गाव या यादीत आहे का?

यादीत नसेल तर हात टेकायचे का? नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा तिथेही आहे. तोंडी ठरवून, ताबा देऊन सुरू झालेला महिन्याचा भाडेव्यवहार हाही कायदेशीर भाडेव्यवहारच असतो आणि तो संपवायला मालकाला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. जी दुरुस्ती करायची मालकाने कबूल केली आहे ती नोटीस देऊनही त्याने केली नाही, तर ती करून खर्च व्याजासह भाड्यातून कापता येतो, असं त्या कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे. मेख आहे ती 'कबूल केली आहे' या शब्दांत. म्हणून घर घेतानाच एका साध्या कागदावर "दर वर्षी मे अखेर मालक कौलं परतून देतील" एवढं एक वाक्य लिहून घ्यावं असा मी प्रत्येकीला आग्रह करते. कुणी न्यायालयाच्या हुकमाशिवाय जबरदस्तीने बाहेर काढलं, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो.

विजेबाबत तर चित्र अधिक स्वच्छ आहे. २००३ च्या वीज कायद्यात वीजजोडणी मागण्याचा हक्क घराच्या मालकाला आहे तसाच तिथे राहणाऱ्यालाही आहे. आणि २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की वीज ही मूलभूत गरज आहे, मालकाने ना हरकत दाखला दिला नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या घरात राहते आहे का, एवढंच बघायचं.

नवरा सोडून गेला आणि पावती त्याच्या नावाने आहे, अशा बायकांसाठी आणखी एक निकाल महत्त्वाचा आहे. २००५ मध्ये बी. पी. अचला आनंद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडेकरू नवऱ्याने बायकोला टाकलं आणि घर सोडवण्याच्या दाव्यात लढणंही सोडून दिलं, तर त्या घरात राहणारी बायको स्वतः तो दावा लढवू शकते. घटस्फोट झालेल्या बाईला मात्र हे संरक्षण आपोआप मिळत नाही, म्हणून घटस्फोटाच्या वेळीच राहत्या घराचा मुद्दा हुकमात घालून घ्यायला हवा. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातही (२००५) 'सामायिक घर' या शब्दात भाड्याचं घर येतं आणि त्या घराचं भाडं न भरणं हा आर्थिक छळ मानला जातो. आपल्या सल्ला केंद्रांत हा कायदा आपण मारहाणीच्या तक्रारीत वापरतो. घराच्या तक्रारीत किती वेळा वापरतो?

पाणी हा राजकारणाचा विषय आहे हे महाराष्ट्राला बायकांनीच शिकवलं. गोरेगावात पाण्यासाठी लढणाऱ्या मृणाल गोऱ्यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हटलं. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि लाटणं रस्त्यावर आलं. १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, ग्लासगोच्या कामगार वस्तीत घरमालकांनी भाडी वाढवली, तेव्हा मेरी बार्बर आणि त्यांच्या शेजारणींनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला. घर रिकामं करवायला अधिकारी आले की घंटा वाजवून अख्खी गल्ली गोळा व्हायची. त्याच वर्षअखेर ब्रिटिश सरकारला भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला. या सगळ्या लढ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक बाईला वाटत होतं की ही माझ्या घरची अडचण आहे. चार जणींनी एकमेकींना सांगितल्यावर ती सार्वजनिक झाली.

मालकांची बाजू मला दिसत नाही असं नाही. एका घराची मालकीण स्वतः सत्तरीची विधवा आहे, तिचं पोट त्या भाड्यावर चालतं. मंगलोरी कौलं महाग झाली आहेत, छपरावर चढणारे जुने कारागीर उरले नाहीत, आणि भाडंही काही हजारोंनी नसतं. अशा ठिकाणी भांडण करण्यापेक्षा बसून हिशेब करावा. मजुरी भाडेकरणीने घालावी आणि भाड्यातून कापावी, कौलं मालकिणीने आणावीत. अशी एक तडजोड आम्ही गावात घडवून आणली आणि ती दोघींना परवडली. पण मुंबईत दोन घरं असलेला, हिस्सेदारांच्या वादाआड लपून भाडं मात्र न चुकता घेणारा मालक आणि ही विधवा यांना एका मापाने मोजायचं कारण नाही.

मग गटांनी काय करावं? माझ्या थोड्या अनुभवावरून सांगते. भाडं थांबवू नका. रागाच्या भरात पहिलं तेच सुचतं आणि पुढे न्यायालयात तेच आपल्या अंगावर येतं. भाडं बँकेतून किंवा मोबाईलवरून, स्वतःच्या नावावरून भरा, म्हणजे मालकाने पावती दिली नाही तरी पुरावा राहतो. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. गळतीचे फोटो तारखेसह काढा. दावा लढवायची वेळ आली तर कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. आणि नोटीस देताना बाईला एकटीला पाठवू नका. गटाच्या चार जणी सोबत असल्या की चारित्र्याची भाषा आपोआप आवरती घेतली जाते.

यापलीकडे एक मोठी मागणी आपण सगळ्या संघटनांनी मिळून करायला हवी. घर दुरुस्त ठेवण्याची आणि पाणी-वीज न तोडण्याची ही दोन कलमं तरी राज्यातल्या प्रत्येक गावाला लागू करा. पावसाला शहर आणि खेडं यांतला फरक कळत नाही.

आमच्या त्या बाईचं काय झालं हेही सांगायला हवं. गटातल्या आम्ही सहा जणी तिच्या घरी गेलो, तिथेच बसून नोटीस लिहिली आणि मुंबईच्या पत्त्यावर पाठवली. दहाव्या दिवशी चुलतभाऊ आला. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणली?" असं म्हणाला. तिने त्याला आत बोलावलं आणि भांडी दाखवली. आधी तो काहीच बोलला नाही. आठवड्याभरात उघडीप मिळाली तेव्हा स्वयंपाकघर आणि माजघरावरची कौलं परतली गेली. पडवी अजून गळते. भाड्याची पावती मात्र आता तिच्या नावाने येते, हातानेच लिहिलेली, वहीच्या पानावर. ती तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवली आहे.

हे काही मोठं यश नाही. पण ती पुन्हा बैठकीला यायला लागली, आणि परवा तिनेच विषय काढला की खालच्या वाडीतल्या एकीच्या घराचा पंप मालकाने बंद करून ठेवलाय, तिकडे कधी जायचं? "हा बायकांचा प्रश्न कसा?" असं विचारणारी मैत्रीण त्या बैठकीला होती. ती म्हणाली, "रविवारी जाऊया, मी येते."

मैत्रिणींनो, तुमच्या गटात भाड्याने राहणाऱ्या किती जणी आहेत हे पुढच्या बैठकीत एकदा विचारून बघा. आणि हप्ता थकवणाऱ्या बाईला हप्त्याचं विचारायच्या आधी तिच्या घराची कौलं बघून या.